उस्मान, तुझा आतला रस्ता

दोन हजार एक साल. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो आणि तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. तरी सगळी दुनिया आधी तुला विचारायची, मग मला. मला विचारायची म्हणजे काय, "उस्मानचाचा कुठं दिसले का?" एवढंच विचारायची.

त्याला सात वर्षं झाली, आणि तुला माती देऊन आज नववा दिवस. तुझ्याबद्दल चांगलं बोलायला जुन्नरात पुष्कळ माणसं आहेत. कालच तुझ्या गल्लीत एकजण म्हणाला, असा माणूस परत होणार नाही. मी तिथून उठलो. मला ते ऐकवत नाही. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, चार ओळी लिहायच्या तर अंगठा दुखून येतो, पण हे मला दुसऱ्या कुणाकडून लिहून घेता येणार नाही. मी तुझ्यावर जळत होतो, उस्मान. उभ्या जन्मात दुसऱ्या कुणावर इतका जळलो नाही. दुसऱ्याचा ऊस चांगला आला, दुसऱ्याचा बैल गाड्याच्या शर्यतीत पहिला आला, तर दोन दिवस बरं वाटत नाही, मग विसरतो. तुझं तसं झालं नाही.

जुन्नरच्या स्टँडामागं तुझं पंक्चरचं दुकान. एक पत्रा, एक फळकूट, एक पाण्याचं घमेलं. एवढ्याशा जागेत तुझ्याकडं माणसं रस्ते विचारायला यायची. "चाचा, नारायणगावला सायकलीवर जायचंय, कुठनं जाऊ?" आणि तू डॉक्टरासारखा उलट विचारायचास. किती वाजता निघणार? मागं ओझं काय? एकटा का दोघं? चष्मा आहे का? मी बावीस वर्षं आमच्या वारूळवाडीहून जुन्नरला सायकलीवर दूध घातलं. दोन कॅन दोन्हीकडं, पावसात, धुक्यात. त्या रस्त्याचा दगडन् दगड माझ्या मांडीला माहीत. मी तिथंच फळकुटावर चहा पीत बसलेला असायचो. एकानं म्हणून माझ्याकडं मान वळवली नाही.

आणि मंदा. माझी पोर. दोन पोरांच्या पाठीवर लई वर्षांनी झालेली, म्हणून सगळ्यांची लाडकी. तिला सायकल शिकवायला मी घेतली तेव्हा ती दहा वर्षांची. बाजरी निघालेल्या रानात. मी मागून सीट धरायचो आणि ओरडायचो, "हँडल सरळ! सरळ म्हणतो ना!" ती तीनदा पडली. चौथ्यांदा तिनं सायकलच टाकून दिली आणि बांधावर जाऊन बसली. तेवढ्यात तू आलास, मंदाच्या आईनं तुला चांगल्या कपात चहा दिला. मला कायम पितळी. तू चहा ठेवलास, रानात गेलास आणि मागं न जाता पुढं वीस पावलांवर जाऊन उभा राहिलास. "मंदा, चाकाकडं नको बघू. मला बघ. ये." ती आली. तू मागं सरकलास. ती परत आली. दिवस मावळेपर्यंत ती तुझ्यामागं सगळं रान फिरली. मी तिथं होतो की नव्हतो, तुम्हा दोघांच्या लक्षात नव्हतं.

तेव्हापासून ती सायकल तुझी झाली आणि पोर अर्धी तुझी झाली. असं मला वाटायचं. हे मी तुला कधी बोललो नाही. तुझ्या तोंडावर हसलो आणि घरी येऊन मंदाच्या आईवर चिडलो.

दोन हजार एकच्या जूनमध्ये मंदाला जुन्नरला नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश मिळाला. पहिले तीन दिवस ती एस.टी.नं गेली. तिला एस.टी. लागायची. लहानपणापासून. आम्हाला वाटलं मोठी झाली, आता लागायची नाही. पहिल्या दिवशी लिंबू दिलं, दुसऱ्या दिवशी आवळासुपारी, तिसऱ्या दिवशी मंदाची आई तिच्याबरोबर पिशवी घेऊन बसली. तीनही दिवस पोर चेहरा राखेसारखा करून उतरली आणि वर्गात डोकं टेकून बसली. तिसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "आबा, मी न्हाई जात. माणसं नाकाला पदर लावत्यात."

मी बोलायच्या आधी तू बोललास. तू कशाला आला होतास त्या दिवशी कोण जाणे. तू म्हणालास, "सायकलनं जाऊ दे की. सतरा किलोमीटर काय हाय तिला."

"सतरा किलोमीटर," मंदाची आई म्हणाली, "आणि उसात बिबट्या बसलेला. पेपरात रोज येतंय."

"बिबट्या असतोच वहिनी. तो कुठल्या रस्त्याला बसत न्हाई ते बघायचं."

ते वर्ष बिबट्याचं होतं. आपल्या भागात रोज कुणाचं तरी कुत्रं नाहीतर शेळी उचललेली असायची. माणसं हातात काठी आणि गळ्यात रेडिओ घालून रानात जायची. पण मला बिबट्याची भीती नव्हती. मला भीती होती की रस्ता तू ठरवशील.

म्हणून मी आधीच बोलून टाकलं. "रस्ता मी सांगतो. पाटानं जायचं."

तुला तो ओटा आठवतो ना? आपण दोघं बसलेलो, मंदा दारात उभी, तिची आई आत चुलीपाशी पण कान बाहेर. तीन रस्ते होते. एक मोठा डांबरी, एस.टी.चा. तो तू आणि मी दोघांनीही धरला नाही. टोमॅटोचे पिकअप तिथून नारायणगावच्या मार्केटला असे सुटतात की सायकलवाला त्यांना दिसतच नाही, आणि हंगामात उसाच्या दोन दोन ट्रॉल्या. दुसरा माझा, पाटाच्या कडेचा. आमच्या वरच्या रानापासून चढला की पाट राखणाऱ्या पाटकऱ्याच्या रस्त्यानं थेट जुन्नरच्या अलीकडं उतरतो. सपाट. एक चढ नाही. वाहन नाही. तिसरा तुझा, आतला, मळ्यामळ्यांतून. चार किलोमीटर जास्त, दोन चढ, एका ओढ्यावर मोरी.

"माझ्या रस्त्याला एक गाडी येत न्हाई," मी म्हणालो.

"तेच सांगतोय. कुणीच येत न्हाई."

"मग? चांगलंच ना?"

"बबन, पोरगी पडली तर उचलायला कोण येणार? बिबट्या?"

मंदा हसली. तू तिला हसवलंस. मी नाही.

"पडायला काय ती लहान हाय?" मी म्हणालो. "आन् तुझ्या रस्त्याला कोण हाय? कुत्री!"

"हायेत. पाच ठिकाणी. दोन सोडलेली असत्यात. त्यांच्या मालकांशी बोलतो."

आणि तू खरोखर बोललास. तीन दिवस तू अंधारातच जुन्नरहून वारूळवाडीला आलास आणि पावणेसहाला तिथून माघारी निघालास, मागच्या कॅरिअरला मंदाच्या वजनाचं बाजरीचं पोतं बांधून. एकसष्ट वर्षांचा माणूस. मी वारूळवाडीच्या टोकाला उभा राहून बघितलं तुला येताना, घामानं निथळत. तू म्हणालास, रस्ता ज्या वेळेला जायचा त्या वेळेलाच बघायचा. जुन्नरहून परतीचा रस्ताही तू तिच्याच वेळेला बघितलास, दुपारी चारला, सूर्य कुठल्या वळणावर डोळ्यात येतो ते बघायला. मग तू मंदाला रस्ता सांगितलास तो असा सांगितलास की त्यात रस्ता कमी आणि घरं जास्त. पहिली पिठाची गिरणी, तिथं सहाला दिवा लागतो. मग निळं दार, तिथली बाई गोठ्यात असते, हाक मारली की बाहेर येते. मग दुधाचं संकलन, सव्वासहाला दहा माणसं. मोरीपाशी म्हातारी पाणी तापवते. अशी बारा दारं. ती तू तिच्याकडून पाठ करून घेतलीस.

मी पाटाचा रस्ता बघायला गेलो एकदाच, दुपारी तीन वाजता, जेवून. मागं पोतं नाही, काही नाही. गार वारा होता. घरी आलो आणि सांगितलं, "फस्क्लास."

मंदा तुझ्या रस्त्यानं गेली.

जूनपासून दिवाळीपर्यंत ती तुझ्या रस्त्यानं गेली. आणि संध्याकाळी जेवताना मला तो रस्ता ऐकायला लागायचा. निळ्या दारावाल्या बाईनं आज पेरू दिला. गिरणीवाल्यानं हवा भरून दिली. म्हातारी म्हणते, नर्स झालीस की माझ्या गुडघ्याला इंजेक्शन द्यायला पहिली तूच ये. "आबा, तिथल्या सगळ्यांना चाचा ठाऊक हायेत." मी भाकरी मोडायचो. त्या घरांपैकी तीन घरांना मी दूध घातलंय एके काळी. कुणी माझं नाव काढलं नाही. काढलं असतं तरी तिनं मला सांगितलं असतं का, कोण जाणे.

आता जे लिहितो ते तुला ठाऊक आहे. पण तू ओळखलेलं आणि माझ्या हातानं लिहिलेलं यात फरक आहे.

दिवाळीनंतर कॉलेज सुरू झालं त्या पहिल्या सोमवारी मी मंदाला सांगितलं, "आतल्या रस्त्याची मोरी खचलीय. रहदारी बंद हाय. पाटानं जा."

मोरी खचली नव्हती. मी बघायलाही गेलो नव्हतो. मला फक्त जेवताना माझा रस्ता ऐकायचा होता.

पोरीनं विश्वास ठेवला. बाप म्हणतो तर खचली असेल. पंधरा दिवस ती पाटानं गेली. पाट कोरडा होता तेव्हा, पाणी सुटलेलं नव्हतं. एकदा म्हणाली, "आबा, लई गार वाटतं तिथं. सपाट हाय, दम लागत न्हाई. पण कुणी दिसत न्हाई बगा." मी त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि दोन दिवस मिशीला हात लावत फिरलो. तुला मुद्दाम भेटायला आलो जुन्नरला. "पोरगी पाटानं जाती आता," म्हणालो. तू हातातलं टायर खाली ठेवलंस. "का?" म्हणालास. मी म्हणालो, "तिला आवडला." मोरीचं बोललो नाही.

मग पाटाला पाणी सुटलं. माझी पाळी बुधवारी सकाळी सहापासून होती. माझ्या विहिरीची मोटार जळालेली, कांद्याची लागण करून चार दिवस झालेले, रोपं माना टाकायला लागली होती. पाटावर आमची रानं शेजारी-शेजारी, माझं आणि गणपतचं. मी मंगळवारी दिवस मावळताना पाइप पाण्यानं भरला, दोन्ही तोंडं दाबून एक तोंड पाटात सोडलं आणि एक रानात, म्हणजे पाणी आपोआप ओढलं जातं. पाटकरी फिरून गेलेला. म्हणजे एका रात्रीचं पाणी मी चोरलं, सरळ लिहितो. पाइप रस्त्यावरून आडवा जातो, त्याच्यावर मातीचा चांगला उंचवटा करायचा असतो, दोन्हीकडून उतरता, म्हणजे बैलगाडीसुद्धा जाते. मी केला नाही. पाळीच्या आधी, कुणी बघायच्या आत काढूनच टाकायचा होता ना, मग चार फावडी माती लोटली आणि घरी आलो.

सकाळी मला जाग आली तेव्हा उजाडलं होतं. पडवीत मंदाची सायकल नव्हती. ती नाही हे बघितलं तेव्हा मला पाइप आठवला.

मी कसा पळालो ते मला ठाऊक नाही. चप्पल कुठं गेली ते ठाऊक नाही. ती पाटाच्या दगडी कडेला बसलेली होती, कमरेपर्यंत ओली, उजवा हात मनगटापासून लोंबत होता. सायकल पाण्यात गेलेली. हातानं कड धरली म्हणून पोर वर राहिली, नाहीतर पाट तुडुंब होता. मला बघून ती रडली नाही. म्हणाली, "आबा, मी लई हाका मारल्या."

"किती वेळ झाला?"

"लई वेळ. कुणी आलंच न्हाई."

मी तिला उचलून बांधावर बसवलं. मग "सायकल बघतो" म्हणालो आणि तिच्या मागं जाऊन पाइप ओढला आणि उसात टाकला. आधी पोर उचलली, मग पाइप, एवढं तरी मी बरोबर केलं.

ती म्हणाली, "आबा, पाइप व्हता आडवा. कुणाचा व्हता?"

मी म्हणालो, "गणपतचा असंल."

असंल. तेवढाच शब्द. त्याच्या पुढं मला काही करावं लागलं नाही. दुपारपर्यंत गावात सगळ्यांना ठाऊक झालं की गणपतच्या पाइपावरून बबनची पोर पडली. गणपत आमच्या दारात येऊन खंडोबाची शपथ घेऊन म्हणाला, "माझं रान कोरडं हाय, येऊन बघा." मी गेलो नाही. मंदाच्या आईनं दार लावून घेतलं. मंदाचं मनगट दोन ठिकाणी मोडलं, प्लॅस्टर दीड महिना, प्रॅक्टिकलची परीक्षा बुडाली, एक वर्ष वाया गेलं. गणपतची सुरेखा तिची मैत्रीण होती. मंदानं तिच्याशी बोलणं बंद केलं. पुढं तिच्या लग्नालाही गेली नाही.

तू दुसऱ्या दिवशी आलास. सायकल खाली पाटाच्या झडपेला अडकलेली सापडली होती, ती न्यायला. तू मंदापाशी बसलास, तिचा डावा हात हातात घेतलास, आणि तिनं मला जे सांगितलं नव्हतं ते तुला सांगितलं. की तिला वाटलं आता आपण जाणार. आणि मला बाहेर ओट्यावर ते ऐकू आलं.

मग तू एकटाच वरच्या रानाकडं गेलास. परत आलास तेव्हा पायाला चिखल होता. तू म्हणालास, "कांदा अर्धा भिजलाय तुझा."

"विहिरीचं पाणी दिलं," मी म्हणालो.

"मोटार तर माझ्या शेजारी वाइंडिंगला पडलीय, बबन. चार दिसांपासून तिच्यावर पाय ठेवून मी चहा पितोय."

मी तुझ्याकडं बघितलं नाही.

"मोरीपाशी पण जाऊन आलो," तू म्हणालास. "म्हातारी विचारत व्हती, पोरगी पंधरा दिस का आली न्हाई. पोरीला आलेलं न बघता तिला करमत न्हाई."

बस. तू एवढंच बोललास. ओरडला असतास तर मी उठून तुझ्या अंगावर आलो असतो. मला ते पाहिजे होतं. तू सायकल खांद्यावर घेतलीस आणि गेलास.

आठवड्यानं मी दुकानात आलो. तू मागच्या चाकाच्या तारा ताणत होतास. मान वर न करता म्हणालास, "तिला सांग."

"तूच सांग की. तुझं ऐकती ती."

"माझं काय हाय त्यात सांगण्यासारखं?"

त्यावर मी तुला घाण शिव्या दिल्या. लिहीत नाही इथं. तू गिऱ्हाइकाला म्हणालास, "आमचे मित्र हायेत, लई जुने." आणि मला चहा मागवलास. तो चहा मी प्यायलो, हे मला आजपर्यंत झोंबतं.

पुढच्या जूनपासून मंदा परत तुझ्या रस्त्यानं गेली, तू जोडून दिलेल्या त्याच सायकलीवर. नर्स झाली. मंचरला नोकरी लागली, तिथंच दिलं तिला. निरगुडसरचा मुलगा, चांगला आहे. लग्नात मंदानं पाया पडताना आधी तुझ्या पडली. कारण तू दाराच्या जवळ उभा होतास, एवढंच असेल. पण मी मोजलं.

सात वर्षं, उस्मान. सात वर्षं तू माझं ते झाकलंस, आणि सात वर्षं मी तुझ्यावर आणखी जळलो. तुला कळतं का कसं ते? तू तिला सांगितलं असतंस तर मी म्हणालो असतो, बघा, माझी पोर माझ्यापासून तोडली यानं. मला तुझा राग करायला एक धड कारण मिळालं असतं. तू ते सुद्धा दिलं नाहीस. मंदा माहेरी आली की तुझ्याकडं आधी जाऊन यायची, तिथून दोन केळी घेऊन घरी. तू समोर बसून माझ्याशी गव्हाबद्दल बोलायचास. कधीतरी एकदा नुसतं बघायचास. मी म्हणायचो, "काय बघतो?" तू म्हणायचास, "काय न्हाई." आपलं भांडण तेवढ्यावरच राहिलं. मी एकटा असलो की तुला उत्तरं द्यायचो. चांगली चांगली उत्तरं. ती आता कुणाला देऊ?

तुझ्या मातीला किती माणसं होती ते तुला दिसलं नाही. मला दिसलं. तुझी माणसं, आमची माणसं, स्टँडावरचे कंडक्टर, कॉलेजची पोरं. निळ्या दारावाली बाई आणि मोरीवरच्या म्हातारीची सून गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या, पदर डोळ्याला लावून. मी रांगेत उभा राहिलो, तीन मुठी माती टाकली. आणि टाकताना माझ्या मनात काय आलं सांगू? माझ्या वेळेला एवढी येणार नाहीत. तुझ्यावर माती टाकताना मी हे मोजत होतो. असा मी.

मंदा मंचरहून आली होती, नवऱ्याच्या मोटरसायकलवर. तुझ्या घरी भाभींपाशी बसून रडून रडून तिचे डोळे सुजले होते. दुपारी तुझ्या बंद दुकानाच्या फळकुटावर येऊन ती माझ्याशेजारी बसली. जावई पेट्रोल टाकायला गेला होता. ती म्हणाली, "आता मला रस्ता कोण सांगणार, आबा?"

मी म्हणालो, "मंदा, मोरी खचली नव्हती."

तिला आधी कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. मोरी, पाण्याची पाळी, पाइप, चार फावडी माती, उसात टाकलेलं, असंल म्हणालो ते. माझ्या आवाजात काही नव्हतं. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. सात वर्षं मी तयारी केली होती की ती ओरडेल, उठून जाईल, मला बाप म्हणणार नाही. ती ओरडली नाही. तिनं विचारलं, "चाचांना ठाऊक व्हतं?"

"दुसऱ्या दिवसापासून."

मग ती रडली. तोंड ओंजळीत घेऊन, सकाळपेक्षा जास्त. "माझा चाचा," म्हणाली. "माझ्यासमोर बसायचा, आणि एक शब्द..."  मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो आणि मागं घेतला. मी तिचा हात मोडला होता, मी तिचं वर्ष घालवलं होतं, आणि माझं ऐकून ती तुझ्यासाठी रडत होती. तू चार फूट मातीखाली, आणि मी शेजारी जिवंत बसलेलो, आणि मी तुझ्यावर जळलो. याच्यापेक्षा खाली मी जाऊ शकत नाही, असं वाटलं. आणि त्याच वेळेला हेही वाटलं की हिला तू मिळालास हे किती बरं झालं. दोन्ही एकदमच वाटलं. वेगळं करता येत नाही मला.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. उजवं मनगट चोळलं. थंडीत अजून दुखतं तिला.

"आणि गणपतकाका?" ती म्हणाली. "आबा, मी त्यांच्या घरचं पाणी प्यायले न्हाई सात वर्षं. सुरेखाच्या लग्नाला गेले न्हाई. ती चिठ्ठी घेऊन आली व्हती, मी आत बसून राह्यले."

मी फळकुटावरची धूळ पुसत राहिलो.

"मी जाऊ का सांगायला, का तुमी जाता?"

जावई आला. ती मोटरसायकलवर बसली, पदर खोचला. माझ्याकडं बघत राहिली. उत्तर घेतल्याशिवाय गाडी सुरू करू देईना. हा हट्ट माझा आहे, उस्मान, तुझा नाही. एवढं तरी माझं आहे तिच्यात.

"मी जातो," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, अंघोळ केली, टोपी घातली. मंदाच्या आईनं विचारलं कुठं, तर सांगितलं नाही. गणपतचं खळं आमच्या बांधापासून पन्नास पावलांवर. सात वर्षांत मी ती पन्नास पावलं गेलो नव्हतो. तो गोठ्यात वैरण टाकत होता. मला बघून त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली नाही.

"गणपत," मी म्हणालो, "तो पाइप माझा व्हता."

त्यानं पेंढी म्हशीपुढं टाकली. दुसरी घेतली, तीही टाकली. मला वाटलं ऐकलं नाही. मी परत म्हणालो.

"ऐकलं," तो म्हणाला. "माझा नव्हता हे मला म्हाईत हाय. मला कशाला सांगतो?"

"चुकलो मी."

"ते बी म्हाईत हाय." त्यानं हात झटकले. "माझ्या कानात सांगून काय उपेग, बबन? नाव घेतलंस ते काय माझ्या कानात घेतलंस व्हय? माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला माणसं विचारत व्हती, पोरीला पाटात पाडणारा तूच का."

त्यानं मला बस म्हटलं नाही. चहाचंही विचारलं नाही. मी टोपी काढली, परत घातली आणि तिथून निघालो. घराकडं वळलो नाही.

साडेसात वाजले होते. डेअरीवर गर्दी होती, नेहमीची, वीस-पंचवीस माणसं कॅन खाली ठेवून, दुधाची फॅट मोजून व्हायची वाट बघत. कुणीतरी म्हणालं, "या आबा, तुमचा दोस्त गेला, लई वाईट झालं." मी पायरीवर चढलो, सगळे माझ्याकडं बघेपर्यंत थांबलो, आणि मोठ्यानं सांगितलं.